कप्तानीची बैठक
(पालवणकर बंधूंची हकीकत)

ग्वाल्हेर शहरात 'कॅप्टन' हा शब्द उच्चारला की पुढचे नाव सांगावे लागत नाही. कॅप्टन म्हणजे रूपसिंग. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू शिंदे सरकारच्या फौजेत होते. १९३२ च्या लॉस एंजेलिस येथील आणि १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या संघावर आपण जे चोवीस गोल चढवले, त्यांतले दहा एकट्या रूपसिंगांचे होते. अंगावर घालायला धड कपडे नाहीत म्हणून त्या सफरीला निघण्यास ते कां कू करीत होते आणि थोरल्या भावाने कपडे करून दिले तेव्हा कुठे निघाले, ही गोष्टही आपल्याकडे सांगितली जाते. त्यांच्याच नावाच्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरांनी एकदिवसीय सामन्यात नाबाद दोनशे धावा केल्या, तेव्हा लष्करातल्या मराठी घरांत जणू घरचेच कार्य पार पडल्याचा आनंद झाला होता.

परंतु रूपसिंगांची कॅप्टनकी ही फौजेतली पदवी. खेळातली कप्तानी ही निराळी चीज आहे. ती हुद्द्याने मिळत नाही, निदान मिळू नये. दहा माणसांनी एका माणसाच्या डोळ्याकडे पाहून उजवीडावीकडे सरकावे, त्याच्या सांगण्यावरून चेंडू हाती घ्यावा किंवा खाली ठेवावा, हा मान त्या दहा जणांनी मनापासून द्यावा लागतो. आणि नेमका हाच मान एका मराठी घराला कर्तृत्व असून कित्येक वर्षे नाकारला गेला होता. ते घर पालवणकरांचे. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चार भाऊ, चौघेही क्रिकेटपटू. त्यांतल्या विठ्ठलरावांना अखेर कप्तानी मिळाली. त्यांची हकीकत आपल्या जुन्या घरांतून सांगितली जावी तितकी जात नाही, म्हणून ती येथे सांगण्याचे योजले आहे.

मी स्वतः खेळाडू नव्हे. माधवगंजात मुलामुलींना गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय. वडील दरबारी वादक असल्यामुळे घरात पहिले शिक्षण झाले ते बैठकीचे. कोणी कुठे बसायचे, कोणी आधी वाजवायचे, कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहून थांबायचे, हे शास्त्र सरगमच्या आधी कानावर पडले. मैफलीत गवई मध्यभागी बसतो, तबलजी एका बाजूला, सारंगिया दुसऱ्या बाजूला, तानपुरे मागे. तबलजी कितीही तयारीचा असो, 'आता विलंबित पुरे, द्रुत घ्या' असे तो म्हणत नाही. ते गवयाने ठरवायचे. या मांडणीत अर्थ आहे, कारण कोणीतरी एकाने सांभाळल्याखेरीज मैफल उभी राहत नाही. पण हीच मांडणी एखाद्याला जन्माने बाजूला बसवून ठेवते, त्याच्या हातची कला तर हवी पण मधली बैठक मात्र द्यायची नाही असे ठरवते, तेव्हा ती मांडणी शास्त्र राहत नाही, अन्याय होते. पालवणकरांची कथा मला अशी, मैफलीच्या अंगाने समजली.

हे घराणे मूळ कोकणातल्या पालवण गावचे, जातीने चांभार. थोरले बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसऱ्याने गेले. छावणीत गोरे सोल्जर क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर मुले खेळ शिकली. पुढे पोटासाठी बाळूने पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्लबात काम धरले. काम होते मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवण्याचे. महिना पगार तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो साहेब लोकांच्या पूना क्लबात गेला. तेथे चार रुपये मिळू लागले. जाळी बांधावी, खेळपट्टी आखावी, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकावेत, असा तो दिनक्रम.

बाळू डाव्या हाताने संथ फिरकी टाकत असे. क्लबातले उत्तम फलंदाज कॅप्टन ग्रेग त्याच्याकडून तासन् तास चेंडू टाकवून घेत आणि प्रत्येक वेळी बाद झाल्यावर त्याच्या हातावर आठ आणे ठेवीत, असे सांगतात. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा पुढे रंगवलेली असो, तासन् तासांची गोष्ट मात्र खरी मानायला हरकत नाही. कारण तसली बोटे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तयार होत नाहीत. ज्यांनी तबलजीला पहाटे एकच कायदा घटकाच्या घटका घोटताना ऐकले आहे, त्यांना हे सांगायला नको. फरक इतकाच की तबलजीचा रियाज स्वतःसाठी असतो. बाळूचा रियाज दुसऱ्याच्या खेळासाठी चालला होता. इतकी वर्षे तो त्या मैदानावर राबला, परंतु बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हे मालकाचे काम, गोलंदाजी हे चाकराचे, अशी त्या मैदानाची समजूत होती.

पुण्यातल्या हिंदू मंडळींच्या संघाला साहेबांशी सामने खेळायचे होते. साहेबांच्या फलंदाजांना रोज चेंडू टाकणारा माणूस आपल्या बाजूला आला तर त्यांची सगळी कच्ची बाजू आपल्याला कळेल, हे हुशारीचे गणित मंडळींनी मांडले. जातीची अडचण पुढे आली. मग तोड अशी निघाली की मैदानावर बाळूने हातात घेतलेला चेंडू सर्वांनी हातात घ्यावा. परंतु चहापानाच्या वेळी त्याने मंडपाबाहेर बसावे. त्याला चहा मिळे तो मातीच्या भांड्यात, पिऊन झाल्यावर फेकून द्यायच्या. जेवणाचे पानही वेगळे मांडलेले. तोंड धुवायचे तर त्याच्याच जातीच्या नोकराने एका कोपऱ्यात पाणी आणून घालायचे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. ही वागणूक कोणी परक्यांनी दिलेली नव्हती. साहेबांच्या क्लबात तो चाकर होता; आपल्या संघात तो खेळाडू होता आणि तरी बाहेर होता. चेंडूला विटाळ नाही आणि पेल्याला आहे, हा निवाडा आपल्यासारख्याच शिकल्यासवरल्या, टापटिपीच्या घरांतून आलेल्या माणसांनी दिला होता. आपल्या घरांतल्या फडताळातही वेगळ्या ठेवलेल्या कपबशा आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलेल्या आहेत. त्या कोणासाठी आहेत हे लहानपणी कोणी सांगत नसे, आणि विचारण्याची गरजही पडत नसे. म्हणूनच ही गोष्ट दूरच्या कोणाची म्हणून वाचता येत नाही.

बाळूने विजय मिळवून दिले तशी ही भिंत थोडी ढासळली. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यावर त्याच्या गोलंदाजीमुळे मोठा विजय मिळाला. त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी त्याचे उघड कौतुक केले आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे असा सवाल घातला, असे सांगितले जाते. पुढे पुण्यात प्लेगचे दिवस आले आणि हे कुटुंब मुंबईस गेले. तेथे रेल्वेची नोकरी आणि हिंदू जिमखान्याचा संघ, असे बाळूचे बस्तान बसले.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. एकशे नऊ धावांनी हिंदू जिंकले. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद किती मोठा झाला असेल हे सांगायला नको. त्या सामन्यात बाळूने दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले, आणि धाकटे शिवरामही त्याच संघात होते.

१९११ साली पहिला हिंदी संघ विलायतेला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. ते वर्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे. महाराजांचा बराच वेळ त्या समारंभांत गेला आणि मैदानावर ते फार थोडे दिसले. संघ बहुतेक सामने हरला. परंतु पस्तिशीला आलेल्या, खांदा दुखू लागलेल्या बाळूने त्या सफरीत ११४ बळी घेतले, आणि तेही सरासरी १८.८४ धावांनी. दौऱ्यात कप्तान कोण होता हे आज आठवून सांगावे लागते. गोलंदाज कोण होता हे आकडेच सांगतात. राजेरजवाड्यांच्या गावचे आपण लोक. राजाने कलावंताला आश्रय दिला हे आपण कृतज्ञतेने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण आश्रय देणारा आणि मैफल सांभाळणारा हे दोघे एकच असतात असे नव्हे, हेही आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

मुंबईस परत आल्यावर अस्पृश्य समाजातर्फे बाळूचा सत्कार झाला. या सत्काराच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचा संबंध होता, असे अभ्यासक सांगतात. त्या समाजातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे तोवर असा दुसरा माणूस नव्हता, की ज्याचे नाव वर्तमानपत्रांत केवळ त्याच्या हाताच्या कसबासाठी छापून येते.

आता मुख्य प्रश्न येतो तो कप्तानीचा. १९१२ पासून मुंबईचे सामने चौरंगी झाले: युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान. त्या काळी देशाचा असा संघ नव्हता. पहिला कसोटी सामना आपण खेळलो तो १९३२ साली. तेव्हा चौरंगी सामना हेच हिंदुस्थानातले सर्वांत मोठे रिंगण, आणि त्यातल्या संघाची कप्तानी हाच सर्वांत मोठा मान. अनुभवाने, वयाने आणि कामगिरीने तो बाळूचा होता. मिळत गेला तो मात्र इतरांना. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै हे दिलदार गृहस्थ. त्यांच्या ज्ञातीने त्यांचा सत्कार केला तेव्हा, हा मान खरे पाहता माझे स्नेही बाळू यांना मिळायला हवा होता, कारण तेच संघातले ज्येष्ठ, असे ते भर सभेत म्हणाले. अशी वाक्ये बोलायला मन मोठे लागते. परंतु निवड समित्या भाषणांनी हलत नाहीत. वर्षे जात राहिली.

१९२० साली गोष्ट हातघाईवर आली. बाळूला संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी पडले, तेव्हा पहिल्या सामन्याची कप्तानी विठ्ठलरावांकडे येईल अशी अपेक्षा होती; नाव जाहीर झाले प्रा. दि. ब. देवधरांचे. देवधर हे थोर खेळाडू, पुढे भारतीय क्रिकेटचे भीष्माचार्य म्हणून गाजले. त्यांच्या योग्यतेचा हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो विठ्ठलरावांची ज्येष्ठता कोणत्या कारणाने डावलली गेली, हा. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि तसे जाहीर निवेदन केले. जातीमुळे होणारा हा अपमान आम्ही आता सोसणार नाही, असा त्याचा आशय होता.

या पावलाची किंमत समजून घेतली पाहिजे. हे काही जहागीरदार नव्हते, की रुसून घरी बसले तरी चालेल. रेल्वेची नोकरी आणि मैदानावरचे नाव एवढीच त्यांची कमाई. संगतकाराने भरल्या बैठकीत तबल्यावर कापड टाकून उठून जावे, तसे हे झाले. असे उठून जाणाऱ्याला पुन्हा बोलावणे येतेच असे नाही. पण वर्तमानपत्रांत पत्रे येऊ लागली, लोकांत चर्चा सुरू झाली. अखेर अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूला उपकप्तान करण्यात आले, आणि दोघे भाऊ संघात परत आले. त्या सामन्यात पै काही वेळ जाणूनबुजून मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूने संघ चालवावा. एका भल्या माणसाने आपल्या हाती होते तेवढे दिले. बाळूच्या वाट्याला कप्तानी आली ती एवढीच.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठलराव हिंदू संघाचे कप्तान झाले. तोपर्यंत गांधीजींनी अस्पृश्यतेचा प्रश्न घराघरांत नेला होता. मैदानाभोवती जमणाऱ्या लोकांचे मन बदलले होते. आणि विठ्ठलरावांची बॅट तर कधीच गप्प बसली नव्हती. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा दार उघडले. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने युरोपियनांना हरवले आणि लोकांनी कप्तानाला खांद्यावर उचलून घेतले. ज्या घरातल्या थोरल्या भावाला मंडपाच्या आत चहा मिळत नव्हता, त्याच घरातल्या धाकट्याला आता सर्व जातींचे खांदे मिळाले.

हा मान एका दिवसाचा ठरला नाही. विठ्ठलरावांच्या कप्तानीत हिंदू संघाने १९२३ नंतर १९२५ आणि १९२६ सालीही चौरंगी सामने जिंकले. देवधर, सी. के. नायडू यांच्यासारखे मोहरे ज्या संघात होते, तो संघ त्यांनी चालवला. याच नायडूंनी पुढे १९३२ साली लॉर्ड्‌सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यात नेतृत्व केले. त्या दौऱ्याचे नेमलेले कप्तान पोरबंदरचे महाराज होते; सामन्याच्या वेळी ते शहाणपणाने बाजूला झाले. मान जन्माकडून कर्तृत्वाकडे सरकण्याची ही वाट एका दिवसात तयार झाली नाही. तिच्यावर रूळ फिरवणारे हात आधीचे होते.

बाळूंचे पुढले आयुष्य सार्वजनिक कामात गेले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. एके काळी ज्यांच्या सत्काराने समाजाची मान उंच झाली होती, ते दोघे आमनेसामने आले. याचे वाईट वाटणे साहजिक आहे. पण एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. अन्यायाशी झगडण्याच्या दोन वाटा होत्या: एक आत राहून बैठक मागण्याची, दुसरी आपली बैठक स्वतंत्र मांडण्याची. बाळू पहिल्या वाटेने गेले, बाबासाहेब दुसऱ्या. कोणती वाट बरोबर हे येथे ठरवायचे नाही. मात्र पहिली वाट चालणाऱ्याला चाळीस वर्षांत काय काय गिळावे लागले, हे पाहिले की दुसरी वाट धरणाऱ्याचा राग समजतो. बाळू १९५५ साली निवर्तले, विठ्ठलराव १९७१ साली. बाळूंच्या नावावर प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. विठ्ठलरावांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

गरिबीतून वर आलेल्या खेळाडूंच्या कथा आपण आवडीने वाचतो. झाडूवाल्याचा खेळाडू झाला, खेळाडूचा कप्तान झाला, टाळ्या पडल्या, कथा संपली. पालवणकरांची कथा अशी सरळ चढत नाही. गरिबी त्यांनी हाताच्या जोरावर लवकरच मागे टाकली. तीन रुपयांवरून विलायतेपर्यंत पोचायला बाळूला वीस वर्षे पुरली. परंतु विलायतेहून परत आल्यावर मधली बैठक मिळायला त्या घराला आणखी बारा वर्षे लागली, आणि ती मिळाली तेव्हा तिच्यावर बसायला थोरला भाऊ मैदानात उरला नव्हता. गरिबी हटवणे हाताच्या कसबाने साधते. ही दुसरी गोष्ट मात्र समोरच्याचे मन बदलल्याशिवाय साधत नाही, आणि समोरचे म्हणजे आपण.

आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीला आपण मोठेपणा देतो तो एवढ्यासाठी की तिने विद्या घराबाहेर नेली. हद्दू-हस्सू खाँसाहेबांच्या परंपरेची तालीम मराठी ब्राह्मणांच्या मुलांनी घेतली, आणि पुढे १९१८ साली पं. भातखंड्यांच्या पुढाकाराने आणि माधवराव महाराजांच्या आश्रयाने येथे संगीताचे विद्यालय निघाले, तेव्हा विद्येचे दार आणखी रुंद झाले. विद्या देताना आम्ही धर्म पाहिला नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. मग शिकून तयार झालेल्याला मधोमध बसवताना काय पाहतो, हेही सांगता आले पाहिजे. आज माझ्या वर्गाला येणाऱ्या मुलांत जुन्या वाड्यांतली मुले आहेत, तशी ज्यांच्या घरी कोणी तानपुऱ्याला हात लावलेला नाही अशीही आहेत. सुराला दोघांतला फरक कळत नाही. वार्षिक कार्यक्रमाची यादी करायला बसले की पालकांना मात्र तो अजून कळतो, आणि पहिले नाव कोणाचे यावर बोलणी सुरू होतात. ज्याचा षड्ज लागतो त्याचे नाव आधी, एवढा नियम मी ठेवला आहे. नियम जुना आहे. पाळायला मात्र दर वर्षी नव्याने लागतो.

राष्ट्रीय स्पर्धांना रणजी, दुलीप, देवधर अशी थोर नावे दिली गेली. त्या यादीत पालवणकर हे नाव नाही. ते पुढे कधी येईल वा न येईल. त्यासाठी अर्ज करण्याचा हा लेख नव्हे. परंतु कॅप्टन रूपसिंग मैदानावरून जाताना आपल्या मुलांना रूपसिंगांची गोष्ट आपण सांगतोच; त्याच दमात पूना क्लबात रूळ फिरवणाऱ्या एका मराठी मुलाची आणि त्याच्या कप्तान झालेल्या भावाची गोष्ट सांगायला काय लागते? मात्र सांगताना मंडपाबाहेरच्या त्या मातीच्या भांड्याची हकीकत वगळू नये. ती वगळली की मागे नुसती विजयाची कथा उरते, आणि तेवढी तर मुलांना कुठेही ऐकायला मिळेल.